विनॅट्स पास: तीनदा गेलो, दोनदा उतरलो

मी मूळचा वाईचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण इंग्लंडमधल्या विनॅट्स पास नावाच्या चढावर सायकलनं झालेली पुढची सगळी फजिती त्यातूनच झाली. वाईच्या माणसाला घाट म्हणलं की पसरणीचा घाट, म्हणजे दहा-बारा किलोमीटर आरामात वळणं घेत वर जायचं, दम लागला की कठड्याला सायकल टेकवून खाली कृष्णेचं खोरं बघायचं, पाणी प्यायचं, परत निघायचं. कॉलेजात असताना तो मी दोन-तीनदा चढलेला. त्यामुळं नोकरीनिमित्त शेफील्डला आलो आणि ऑफिसमधला एकजण म्हणाला की इथं शेजारीच पीक डिस्ट्रिक्ट, डोंगराळ नॅशनल पार्क आहे पण चढ जरा अवघड आहेत हं, तेव्हा मी घरी येऊन गुपचूप उंची बघितली. किंडर स्काउट, तिथला सगळ्यात उंच डोंगर, ६३६ मीटर. आमची वाई समुद्रसपाटीपासून सातशेच्या आसपास. म्हणजे आमच्या घराचा उंबरा ह्यांच्या शिखराच्या वर! मला हसूच आलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली मग जा की, आणि तिथंच मी फसलो.

सायकल घेतली ती ‘सायकल टू वर्क’मधून. स्कीम चांगली आहे, ऑफिस सायकल घेऊन देतं आणि टॅक्स कापायच्या आधी पगारातून हप्ते जातात, त्यामुळं बरीच स्वस्त पडते. दुकानातल्या पोरानं विचारलं, पुढं ५०-३४ आहेच, मागं कॅसेट ११-२८ चालेल का ११-३४ टाकू? (कॅसेट म्हणजे मागच्या चक्रांचा जुडगा, आकडे दातांचे, मागचं चक्र मोठं तेवढा चढ सोपा.) मी म्हणलं २८ बास. छोटी कॅसेट दिसायला पण भारी दिसते ना. टायर २५ मिलिमीटरचे, त्यात हवा ठासून ११० पीएसआय, आणि पेडलला अडकणारे क्लीटवाले बूट. त्या बुटांनी पहिल्याच आठवड्यात सिग्नलला दगा दिला, पाय सुटला नाही आणि मी उभ्याचा आडवा झालो, पण पटकन नाही, झाड पडतं तसा सावकाश, शेजारच्या बसमधले लोक वरून बघतायत. कोपर खरचटलं फक्त. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “तिकडं जाऊन सायकलच चालवायची होती तर इथं काय वाईट होती?”

शेफील्डची गंमत अशी की शहर संपायच्या आधीच डोंगर सुरू होतो. घरापासून रिंगिंगलो रोडनं वर निघायचं, घरं संपतात, मग एक पब, त्याच्याजवळ टोल वसूल करायचं जुनं आठकोनी घर, आणि त्याच्या पुढं एकदम उघडी मूर. झाड नाही, भिंत नाही, नुसतं हीदरचं झुडूप आणि वारा. पहिल्या रविवारी तिथं पोचेपर्यंतच माझ्या तोंडाला फेस आलेला आणि झुडपातून कुणीतरी ओरडायला लागलं, ‘गो बॅक, गो बॅक, गो बॅक’. खोटं नाही सांगत. रेड ग्राउस नावाचा गुबगुबीत तपकिरी पक्षी असतो, त्याचं ओरडणं इथले लोक असंच ऐकतात, जसं आपण पावशाचं ‘पेर्ते व्हा’ ऐकतो. आपला पावशा निदान कामाला लावतो, हा सरळ घरी जा म्हणतो.

त्या दिवशी मी घरी गेलो नाही, हॅदरसेजला उतरलो. उतारावर हाताची बोटं ब्रेक दाबून दाबून बधिर झाली पण डोळे मात्र निवले. ह्या भागात कड्यांच्या खाली जात्याच्या तळीसारखे गोल दगड गवतात पडलेत, काही अर्धवट घडवलेले, काही पूर्ण. ग्रिटस्टोन नावाच्या खरबरीत दगडापासून इथं गिरणीच्या तळ्या बनवायचे, मग धंदा बसला आणि माल जिथल्या तिथं राहिला. नॅशनल पार्कचं चिन्हच ते आहे, हद्दीवर तसाच दगड उभा केलेला दिसतो. आमच्या घरी आजीचं जातं अजून परसात पडलंय, त्यामुळं मला उगीच ओळखीचं वाटलं.

असो, विनॅट्सकडं येतो.

हॅदरसेजवरून होप, होपवरून कॅसलटन, हा रस्ता सपाट. डावीकडं होपच्या सिमेंट कारखान्याची चिमणी सारखी दिसत राहते, एवढ्या सुंदर खोऱ्यात ती कशी काय आली असं पहिल्यांदा वाटतं, नंतर तीच खूण होते. कॅसलटन संपलं की रस्त्याला फाटा फुटतो. डावीकडं स्पीडवेल गुहेच्या पार्किंगजवळून रस्ता दोन चुनखडीच्या कड्यांमध्ये घुसतो आणि दिसेनासा होतो. तो विनॅट्स पास. फाट्याच्या आधी पाटी, २० टक्के. २० टक्के म्हणजे शंभर मीटर पुढं गेलास तर वीस मीटर वर. वाचताना काहीच वाटत नाही बघा. पसरणी सरासरी पाच टक्के असेल.

पहिल्यांदा गेलो तो जुलैचा रविवार. सुरुवात बरी वाटली, मी बसूनच चढत होतो, मग रस्ता थोडा वळला आणि पुढचा भाग समोर उभा राहिला, भिंतीला शिडी लावावी तसा. शेवटचा गिअर कधीच लागलेला, तरी अंगठा आपोआप लिव्हर दाबत होता की अजून एखादा शिल्लक आहे का. उभं राहून मारायला गेलो तर पुढचं चाक उचललं जायला लागलं, पुढं वाकलो तर मागचं चाक घसरायला लागलं, स्पीड ५ किलोमीटर, मागं गाड्यांची रांग, आणि शेजारून एक आजी कुत्र्याला घेऊन माझ्याच स्पीडनं चालत वर. शेवटी कसाबसा पाय सोडवला आणि उतरलो. क्लीटच्या बुटांनी डांबरावर चढ चालणं म्हणजे तेलकट फरशीवर खडावा घालून चालणं. वरपर्यंत ढकलत गेलो. वर काही नव्हतंच, एक शेतघर, वारा आणि मेंढ्या.

घरी येऊन हिशोब मांडला, इंजिनिअर माणूस दुसरं काय करणार. ३४ पुढं आणि २८ मागं म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला सायकल साधारण अडीच मीटर पुढं जाते. २० टक्क्यांवर तेवढ्यात अर्धा मीटर वर. जिन्याची पायरी धरा सतरा सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला तीन पायऱ्या, मिनिटाला साठ फेरे मारायचे तर मिनिटाला १८० पायऱ्या, आणि ते पण सायकल पाठीवर घेऊन. मागं ३४ असतं तर फेऱ्याला २.१ मीटर पुढं, ४२ सेंटिमीटर वर. ऐकायला फरक किरकोळ आहे पण गुडघ्याला विचारा. त्याच दुकानात जाऊन ११-३४ कॅसेट बसवून घेतली, त्यासाठी चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारं मागचं डिरेलर पण लांब लागतं आणि चेन पण लांब, तो खर्च वेगळा. पोरगा काही बोलला नाही, नुसता हसला. टायर पण २८ चे केले आणि हवा ७५ वर आणली, हातांची झिणझिण थांबली.

एक गोष्ट मात्र डोक्यात बसायला बरेच महिने लागले. आपले घाट कुणीतरी आखलेत. बैलगाडी जाईल, पुढं ट्रक जाईल, अशा बेतानं चढ वाटून दिलाय, वळणावर वळण टाकून. इथल्या बऱ्याच लेन कुणी आखल्याच नाहीत. ओझ्याची तट्टं चालत गेली, मेंढरं गेली, गाड्या गेल्या, ती वाट पडली, नंतर त्याच वाटेवर डांबर टाकलं. तट्टाला वळसा कशाला, ते सरळ चढतं. त्यामुळं डोंगर छोटा असूनही रस्ता नाकासमोर वर जातो, मग तेवढाच खाली ओढ्यापर्यंत, छोटा पूल, की परत वर. पसरणीत एकदा चढलं की पाचगणीला चहा. इथं ऐंशी किलोमीटरच्या राइडमध्ये दहा-बारा वेळा चढायचं आणि कमावलेली उंची दर वेळी ओढ्यात टाकून द्यायची. दिवसअखेर बेरीज दीड हजार मीटर होते, म्हणजे वाई-पाचगणी अडीच वेळा, आणि तुम्ही एकदाही पाचशे मीटरच्या वर गेलेले नसता.

आणि विनॅट्सची गंमत ऐका. ह्या लोकांनी खरंतर इथं घाट बांधलेला! १८१९ साली, विनॅट्सचा चढ गाड्यांना झेपत नाही म्हणून, शेजारच्या मॅम टॉर डोंगराच्या पायथ्यावरून वळण घेत जाणारा नवा रस्ता केला. पण मॅम टॉर ठिसूळ, सारखा सरकणारा, त्याला म्हणतातच थरथरता डोंगर. दरड यायची, रस्ता खचायचा, हे परत डांबर टाकायचे, परत खचायचा. आपल्या वरंधा नाहीतर आंबेनळी घाटाचं दर पावसाळ्यात जे होतं तेच. शेवटी १९७९ साली ह्यांनी हात टेकले आणि रस्ता कायमचा बंद केला. त्यामुळं सगळा ट्रॅफिक परत त्याच जुन्या तट्टांच्या वाटेवर, आणि मोठ्या ट्रकांना तर तिथं बंदीच. नंतर एकदा मुद्दाम जाऊन तो मोडलेला रस्ता बघितला. मधली पांढरी पट्टी अजून दिसते आणि ती एका ठिकाणी अचानक खाली जाते. तुटलेल्या कडेला डांबराचे थर मोजता येतात, एकावर एक, शिळ्या केकसारखे, प्रत्येक थर म्हणजे कुणाचं तरी ‘आता नाही खचणार’.

गिअर बदलल्यावर एका रविवारच्या ग्रुपबरोबर जायला लागलो. सात-आठ जण, सगळ्यात तरुण मीच. म्होरक्या सत्तरीचा, उभा जन्म स्टीलच्या कारखान्यात गेलेला, मांड्या अजून लोखंडाच्या. त्यांना तोंडावर एकेरी नावानं हाक मारायची, ते मला पहिले सहा महिने जमलंच नाही, मी हाक न मारताच जवळ जाऊन बोलायचो. मनात ते काकाच. काकांनी मला ओरडायला शिकवलं. समोरून गाडी आली की ‘कार अप’, मागून आली की ‘कार बॅक’, खड्डा दिसला की बोट खाली. घोडा दिसला तर लांबूनच मोठ्यानं गुड मॉर्निंग म्हणायचं, कारण सायकलचा आवाज येत नाही आणि घोडा बिचकतो. मला आधी वाटलं केवढे सुसंस्कृत लोक, घोड्याला पण गुड मॉर्निंग.

ह्या छोट्या लेनवर एक पांढरी गोल पाटी असते, तिच्यात तिरकी काळी रेघ. त्याचा अर्थ ताशी ६० मैल, म्हणजे ९६ किलोमीटरपर्यंत परवानगी. रस्ता एका बैलगाडीएवढा, दोन्ही बाजूला दगडी भिंती, पुढचं वळण आंधळं, आणि परवानगी ९६! पण स्थानिक लोक तसं चालवत नाहीत. ट्रॅक्टरवाला पासिंग प्लेसमध्ये, म्हणजे वाट द्यायला रुंद केलेल्या जागेत, थांबून राहतो, तुम्ही गेलात की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, बस, तेवढाच नमस्कार. २०२२ पासून इथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या नियमांच्या पुस्तकात, सायकलला ओव्हरटेक करताना निदान दीड मीटर जागा सोडा असं स्पष्ट लिहिलंय आणि बरेचजण पाळतात. न पाळणारे भेटतात ते मोठ्या रस्त्यावर. पीक फॉरेस्ट गावाजवळ ए-६२३ ला थोडा वेळ लागावं लागतं, खाणीतून खडी घेऊन येणारे ट्रक असतात, तेवढे किलोमीटर मी रामरक्षा म्हणत काढतो.

तिथून टाइड्सवेलकडं वळलं की परत शांत. हा व्हाइट पीक, चुनखडीचा मुलूख, चुन्याशिवाय रचलेल्या पांढुरक्या भिंती टेकडीभर, जणू कुणी पाटीवर खडूनं चौकोन आखलेत. टाइड्सवेलच्या दुकानात बाई मला म्हणाली, “अय अप, मी डक”. पहिल्यांदा वाटलं बदक का म्हणतीय. ‘मी’ म्हणजे त्यांचं ‘माय’, आणि डर्बीशरमध्ये डक हे बाळा-राजा म्हणल्यासारखं आहे, सत्तरीच्या काकांना पण डकच म्हणतात. जूनच्या शेवटी गेलात तर तिथं वेल ड्रेसिंग बघायला मिळतं, लाकडी फळीवर ओली माती थापून तिच्यात एकेक पाकळी दाबून चित्र काढतात आणि गावच्या पाणवठ्यावर लावतात. मी फोटो आईला पाठवला, तिचा रिप्लाय, “रांगोळी पुसली जाऊ नये म्हणून उभी केली वाटतं.”

पुढं लिटन, क्रेसब्रूक, मग वाय नदीच्या काठानं अपरडेल आणि तिथून मॉन्सल हेडचा चढ. जेमतेम सहाशे मीटरचा आहे, पण ह्याच्यावर १९३० पासून शरद ऋतूत शर्यत होते. नुसतं वर चढायची शर्यत, उतार नाही काही नाही. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर आला की लोक हे हिल क्लाइंब करतात, वजन कमी करायला हँडलचा खालचा भाग करवतीनं कापून टाकतात, बाटली नाही, टेप नाही, आणि वर पोचल्यावर उलट्या करतात. १९८१ मध्ये शेफील्डच्याच माल्कम एलियटनं तो चढ १ मिनिट १४.२ सेकंदात मारला आणि तो रेकॉर्ड कित्येक दशकं टिकला. मला चार मिनिटं लागतात आणि त्यात मी समाधानी आहे.

पंक्चरचं पण सांगायला पाहिजे. १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेतकरी कुंपणाची झाडी छाटत नाहीत, पक्ष्यांची घरटी असतात म्हणून. सप्टेंबर लागला की ट्रॅक्टरला फिरतं कटर लावून सगळीकडं एकदम छाटणी सुरू, आणि हॉथॉर्नचे काटे रस्त्याभर. भिंतींच्या मुलखात ठीक आहे पण होपच्या खोऱ्यात झाडीची कुंपणं आहेत. एका रविवारी आमच्या ग्रुपला पाच पंक्चर झाली, त्यातली दोन माझी. बाभळीच्या काट्यावर मोठा झालेला माणूस मी, तर मी ट्यूब काढून सरळ पंप मारायला लागलो. काकांनी हात धरला, आधी टायर आतून बोटानं चाचप म्हणाले. बरोबर होतं, काटा मोडून आतच राहिलेला, नखाएवढा पण नाही. तेव्हा थांबल्यावर मी खिशातली शेंगदाण्याची चिक्की वाटली. ती सायकलवाल्यांच्या एनर्जी जेलच्या पाकिटांपेक्षा भारी चालते, तेव्हापासून रविवारी मी आलो की पहिला प्रश्न सायकलचा नसतो, चिक्कीचा असतो.

विनॅट्सला दुसऱ्यांदा गेलो तो ह्या ग्रुपबरोबरच, ऑक्टोबरमध्ये. मागं ३४ दातांचं चक्र लागलेलं, श्वास बरा, मी चक्क अर्ध्याच्या वर. आणि वरून एक कॅम्पर व्हॅन आली, खालून गाडी, मध्ये मेंढी, मेंढी हलेना. सगळं ठप्प. थांबलो की संपलं, २० टक्क्यांवर परत निघताच येत नाही, एक पाय अडकवून जोर लावेपर्यंत सायकल मागं येते. मी तीनदा प्रयत्न करून ढकलायला लागलो. वर काका थांबलेले, म्हणाले, चढाकडं तोंड करून कोण निघतं? रस्त्याला आडवं लाव, आडवं चालव, दोन्ही पाय अडकले की मग वळ. ही युक्ती आधी का नाही सांगितली विचारलं तर म्हणाले, तू विचारलंस कुठं.

तिसऱ्यांदा एप्रिलमध्ये एकटाच गेलो, सुट्टी टाकून, बुधवारी. साडेसहाला कॅसलटनमध्ये होतो, गाडी एक नाही. ह्या वेळी वर बघायचं नाही असं ठरवलेलं, पुढच्या चाकाच्या दोन हात पुढं नजर. पहिल्या भागात मुद्दाम इतका हळू गेलो की लाज वाटावी. मग ते उभं वळण. विनॅट्स हे नाव विंड गेट्सवरून आलंय म्हणतात, वाऱ्याचं दार, आणि त्या दिवशी दार उघडंच होतं, वारा थेट छातीवर. मी पेडल मोजायला लागलो, वीसपर्यंत मोजायचं आणि परत एकपासून. डांबराच्या कडेला चुन्याचे पांढरे खडे, एका मेंढीची ओली लोकर दगडाला चिकटलेली, घामाचा थेंब हँडलवरच्या गार्मिन मीटरच्या काचेवर पडून चढाच्या टक्क्यांचा आकडा मोठा दिसतोय, १९, २०, २०, १८. एक कोकरू भिंतीसारखं समोर उभं राहिलं आणि मी मराठीतून ओरडलो, “हो बाजूला!” ते झालं. सत्राव्या का अठराव्या विसाला चढ सैल पडला, मला कळलंच नाही, शेतघराचं फाटक दिसलं तेव्हा कळलं.

फोटो काढायला थांबलो तर हात एवढे थरथरत होते की तिन्ही फोटो हललेले आले. आईला व्हिडिओ कॉल लावला. वाईत अकरा वाजलेले. तिला रस्ता दाखवला, कडे दाखवले, मेंढ्या दाखवल्या. ती म्हणाली मेंढ्या चांगल्यायत, आणि तू खाल्लंस का काही?

परत येताना बेकवेलला पुडिंग खाल्लं, कर्बर गॅपवरून घरी आलो, पाय संध्याकाळपर्यंत जिन्याला घाबरत होते. आता काका म्हणतायत की मे महिन्यात होम मॉसचा चढ करू, २०१४ ला टूर द फ्रान्स शेफील्डला आली तेव्हा त्यावरूनच गेलेली. मी हो म्हणलंय. पण त्याआधी ब्रेक पॅड बदलायला पाहिजेत, काल रिंगिंगलोच्या उतारावर लोखंड घासल्याचा आवाज यायला लागलाय.